करवीरचे शाहू महाराज व गरिबांची शाळा

कोल्हापूर शहरात रंकाळा तलावाच्या बाजूस शिवाजी पेठ ह्या नावाची एक जुनी व दाट वस्ती आहे. तेथील तालमींची व तांबड्या मातीत मेहनत करणाऱ्या मल्लांची कीर्ती दूरवर पसरलेली आहे. बाजाराच्या, कोर्टाच्या अथवा दवाखान्याच्या कामासाठी कोल्हापुरास जाणाऱ्या आमच्या खेडेगावच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनींनी ही पेठ पाहिली असेल. ह्याच पेठेत न्यू कॉलेज नावाचे एक कॉलेज आहे. त्याच्या फाटकाशी सकाळी घटकाभर उभे राहावे, म्हणजे खांद्याला पिशवी अडकवून शेतकऱ्यांची व मजुरांची मुलेमुली लगबगीने आत जाताना दिसतात. त्यांत कोण कोणत्या जातीचा, कोण कोणत्या घरचा, हे पाहणाऱ्यास ओळखू येत नाही.

ज्या संस्थेने 1971 साली हे कॉलेज काढले, तिच्या नावात प्रिन्स शिवाजी हे शब्द आहेत. हे नाव रायगडच्या थोरल्या शिवाजी महाराजांचे आहे, अशी पुष्कळांची समजूत होते. वास्तविक ते एका तरुण राजपुत्राचे नाव आहे. तो ऐन उमेदीत अपघाताने मरण पावला, आणि त्याच्या शोकाकुल पित्याने त्याची आठवण दगडी छत्रीत न ठेवता गरीब विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ठेविली. तो पिता म्हणजे करवीरचे छत्रपती शाहू महाराज. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांस थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

कोणी विचारील की, जो राजा ख्रिस्ती नव्हता, ज्याने आपल्या राज्यात आर्य समाजास व सत्यशोधक समाजास आश्रय दिला, त्याचे चरित्र ख्रिस्ती पत्रात कशाला? ह्यावर आमचे उत्तर सोपे आहे. पवित्र शास्त्रातील कोरेश राजाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. तो इस्राएलाच्या धर्माचा नव्हता. तथापि बंदिवासातील लोकांस स्वदेशी परत पाठविण्याचे काम देवाने त्याच्या हातून करविले. दुसऱ्या धर्माच्या मनुष्याने गरिबांचे कल्याण केले असता ते मोकळ्या मनाने कबूल करणे, हे सत्याच्या उपासकास शोभते. शाहू महाराजांस आपल्या पंथाचे ठरविण्याची आम्हांस इच्छा नाही. त्यांच्यापासून शिकण्याची मात्र आहे.

जन्म व बालपण

महाराजांचा जन्म 26 जून 1874 रोजी कोल्हापुरास झाला. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे हे त्यांचे जन्मदाते, व राधाबाई ह्या त्यांच्या मातोश्री होत. त्यांचे पाळण्यातील नाव यशवंतराव. ते जेमतेम तीन वर्षांचे झाले नाहीत, तोच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे वयाच्या बाराव्या वर्षी पिताही गेला. वाड्यात दासदासींची वाण नव्हती, परंतु आईविना वाढणाऱ्या लेकरास काय उणे असते, हे ज्याचे त्यासच कळते. पुढील आयुष्यात ह्या राजाने पोरक्या व दूर गावाहून आलेल्या मुलांसाठी घरे उभारली, ती वाचताना ही गोष्ट आम्हांस वारंवार आठवते.

त्या वेळी कोल्हापूरची गादी रिकामी होती. चौथे शिवाजी महाराज 1883 सालच्या नाताळच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात शोचनीय अवस्थेत मरण पावले होते. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई ह्यांनी 17 मार्च 1884 रोजी यशवंतरावांस दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू असे ठेविले. दहा वर्षांचेही न झालेले हे मूल त्या दिवशी सुमारे आठ लाख वस्तीच्या संस्थानाचे धनी झाले.

ह्यानंतर त्यांच्या विद्याभ्यासाची व्यवस्था झाली. 1885 पासून चार वर्षे ते राजकोटच्या राजकुमार कॉलेजात होते. पुढे धारवाड येथे स्टुअर्ट फ्रेझर ह्या इंग्रज गुरूंनी त्यांस इतिहास, राज्यकारभार व इंग्रजी शिकविले. हिंदुस्थानात ठिकठिकाणी प्रवास करवून लोकस्थितीही दाखविली. 1891 साली बडोद्याच्या खानविलकर घराण्यातील लक्ष्मीबाई ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. 2 एप्रिल 1894 रोजी, विसाव्या वर्षी, त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. शरीराने ते धिप्पाड होते. कुस्ती, शिकार व घोडदौड ह्यांचा त्यांस मोठा नाद होता. साध्या खेडुतात मिसळून त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलण्यात त्यांस कधी कमीपणा वाटला नाही.

राज्याची स्थिती

कारभार हाती येताच तरुण राजाच्या दृष्टीस एक गोष्ट पडली. संस्थानच्या सर्वसाधारण खात्यांत 71 अधिकारी होते. पैकी 60 ब्राह्मण जातीचे व अवघे 11 इतर सर्व जातींचे. लोकसंख्येकडे पाहावे तर प्रमाण उलट होते. महाराजांनी कारण शोधिले, तेव्हा ते विद्येत सापडले. ज्यांच्या घरी पिढ्यानपिढ्या अक्षरओळख होती त्यांस जागा मिळत, आणि ज्यांच्या घरी पाटीच कधी आली नाही त्यांस जागा देऊ म्हटले तरी देता येत नसे. कुणब्याचा मुलगा नांगरामागे, धनगराचा मेंढरांमागे, महाराचा वेठीस, मांगाचा वाखाच्या दोरापाशी. तलाठ्याने दाखविलेल्या कागदावर अंगठा उठवावा, आणि त्यात काय लिहिले आहे हे तलाठ्यासच पुसावे, अशी रयतेची दशा होती.

आम्ही हे कोणा एका जातीविषयी रोष उत्पन्न व्हावा म्हणून लिहीत नाही. ज्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी पुढे सक्तीच्या शिक्षणासाठी सरकारदरबारी झगडा केला, ते ब्राह्मणच होते. त्यांचे आरंभीचे शिक्षण कागल व कोल्हापूर येथेच झाले. दोष विद्येचा नव्हता. ती एका अंगणात कोंडून ठेवली गेली, हा दोष होता.

ह्या दोषाची झळ स्वतः महाराजांसही लागली. 1899 साली पंचगंगेवर कार्तिकस्नानास गेले असता, राजपुरोहित आपल्यासाठी वेदोक्त मंत्र न म्हणता पुराणोक्त म्हणतो, असे त्यांच्या ध्यानात आले. राजा झाला तरी त्यास वेदमंत्रांचा अधिकार नाही, असा त्या पुरोहिताचा भाव होता. ह्या प्रकरणावरून पुढे पुष्कळ वर्षे वादंग माजले. आम्हांस त्यातून घ्यावयाचा बोध इतकाच की, सिंहासनावर बसलेल्यासही जर असे हीन लेखिले जाते, तर गावकुसाबाहेरील मनुष्यास काय सोसावे लागत असेल, हे महाराज त्या दिवसापासून स्वानुभवाने जाणू लागले. आपल्या अपमानाने पुष्कळ माणसे कडू होतात. थोडी दुसऱ्यांविषयी कनवाळू होतात. महाराज ह्या दुसऱ्या वर्गातले होते.

वसतिगृहांची उभारणी

कोल्हापुरात त्या काळी वरच्या शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. राजाराम कॉलेज 1880 सालीच सुरू झाले होते. 1852 साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर हे कोल्हापुरास आले, त्यांनी व त्यांच्या मागून आलेल्यांनीही शाळा चालविल्या होत्या. परंतु शहरातील शाळा खेड्यातील मुलास कितीशी उपयोगी? भुदरगडच्या अथवा पन्हाळ्याच्या डोंगरातील पोराने कोल्हापुरास येऊन राहावे कोठे व खावे काय? ओळखीचे घर असले तर जात आडवी येई; पैशाने खोली घ्यावी तर पैसा नसे.

हे जाणून महाराजांनी आधी सर्वांसाठी मिळून एक वसतिगृह काढून पाहिले. परंतु त्याचा लाभ पुढारलेल्या वर्गाच्या मुलांसच झाला, मागासलेली मुले त्यात टिकली नाहीत. मग 1901 साली त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापिले. त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, शिंपी, सोनार असे एकेका समाजासाठी वसतिगृह निघत गेले. 1908 साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले; मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क ह्यांच्या कन्येचे नाव त्यास दिले होते. ह्या मालिकेत हिंदी ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही वसतिगृह होते, हे आमच्या वाचकांनी विसरू नये. जागा, इमारत, वार्षिक नेमणूक अशा रूपाने महाराजांचा हात ह्या सर्वांच्या पाठीशी असे.

जातवार वसतिगृहे काढल्याने जातिभेद दृढ होईल, असा आक्षेप त्या वेळी पुष्कळांनी घेतला. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्हांस म्हणवत नाही. एका ताटात जेवण्याची आज्ञा ज्यांनी पत्करिली आहे, त्या ख्रिस्ती जनांस तर वेगवेगळ्या पंक्ती खुपल्याच पाहिजेत. पण जो विहिरीत पडला आहे त्यास आधी दोर हवा असतो. दोर कोणत्या वाखाचा, हा विचार मागून. महाराजांनी आधी प्रत्येकास त्याच्या त्याच्या दोराने वर काढिले. आणि ते तेथेच थांबले नाहीत. 1919 साली त्यांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांनी एकाच शाळेत, एकत्र बसावे, असा हुकूम काढिला. निराळी वसतिगृहे ही वाट होती. एक शाळा हे मुक्कामाचे ठिकाण होते.

येथे आम्हांस आपल्या मंडळ्यांकडे पाहून थोडे लाजल्यावाचून राहवत नाही. राजाने हुकूम काढून शाळेतील निराळी चटई उचलली त्यास शंभरावर वर्षे झाली. आणि आमच्या काही गावी प्रभूच्या मेजाशी येणारी कुटुंबे सोयरीक ठरविताना पूर्वीची जात आजही विचारतात. हे चरित्र लिहिताना हा काटा आमच्याच पायात रुतला.

शिकलेल्या मुलास पुढे काम मिळावे, ह्याचीही तजवीज महाराजांनी केली. 26 जुलै 1902 रोजी, ते स्वतः विलायतेत असता, त्यांच्या आज्ञेने जाहीर झाले की, संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा 50 जागा मागासलेल्या वर्गांतील लायक उमेदवारांस द्याव्यात. ह्या देशातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या हुकुमांत त्याची गणना होते.

सक्तीचे व मोफत शिक्षण

परंतु वसतिगृहे झाली ती वर चढलेल्यांची. ज्या लक्षावधी मुलांनी पहिली पायरीही पाहिली नव्हती, त्यांचे काय? बडोद्याचे सयाजीराव महाराज ह्यांनी 1893 साली अमरेली भागात व 1906 साली सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू करून धडा घालून दिला होता. गोखल्यांनी 1911 साली सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसले बिल कौन्सिलात आणिले, पण पुढील वर्षी ते नामंजूर झाले. इतक्या मोठ्या साम्राज्यास जे झेपत नाही, ते लहानशा करवीर राज्यास काय झेपणार, असे शहाण्या लोकांचे मत होते.

1917 साली महाराजांनी आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केल्याचे जाहीर केले. पहिले महायुद्ध चालू होते, महागाई होती. तरीही ह्या कामी वर्षास सुमारे एक लाख रुपये खर्चावयाचे त्यांनी ठरविले. सात ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत पाठविणे हे आईबापांवर बंधनकारक झाले. इमारतींसाठी वाट पाहत बसले नाहीत. जेथे चावडी अथवा देवळाची ओवरी मोकळी असेल तेथे शाळा भरावी, असा उद्योग चालला. फी नव्हती, परंतु जो बाप मुलास शाळेत धाडणार नाही त्यास महिन्यास एक रुपया दंड होता.

वाचकांनी ह्या दंडाकडे नीट लक्ष द्यावे. त्या काळचा एक रुपया म्हणजे मजुराची कित्येक दिवसांची कमाई. गरिबांचा कैवार घेणाऱ्या राजाने गरिबासच दंड का करावा? ह्याचे कारण महाराज रयतेस चांगले ओळखीत होते. शाळा उघडणे हे राजाचे काम. ते त्याने केले नाही तर तो दोषी. पण शाळा उघडल्यावर पोरास गुरांमागे धाडणारा बाप असेल, तर उघडे दार व बंद दार ह्यांत अंतर ते काय राहिले? आज पोर चार आणे मिळवून आणते, हे बापास दिसते. दहा वर्षांनी ते आपला सातबारा आपण वाचील, हे दिसत नाही. तो दूरचा लाभ बापाच्या वतीने राजाने पाहिला, आणि बापाने तो पाहावा म्हणून दंडाची काठी हाती धरिली. कायद्याच्या एका हातात मोफत पाटी होती व दुसऱ्या हातात दंडाची पावती. दोन्ही हात प्रेमाचेच होते, असे आम्ही समजतो.

पुत्रशोक व त्याचे फळ

हा कायदा होऊन एक वर्षही लोटले नव्हते, तोच महाराजांवर घोर आघात झाला. 1918 सालच्या जून महिन्यात त्यांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी हे रानडुकराच्या शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून मरण पावले. त्यांचे वय वीसच्या आत होते. वर्षापूर्वीच त्यांचा विवाह झाला होता, आणि त्यांच्या मागे राहिलेल्या इंदुमतीदेवी ह्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या.

त्या काळच्या रीतीप्रमाणे ह्या बालविधवेने वाड्याच्या आतल्या अंधारात आयुष्य काढावयाचे होते. महाराजांनी तसे होऊ दिले नाही. घरच्या माणसांचा विरोध असता त्यांनी सुनेस सोनतळी येथील बंगल्यात ठेविले, तिच्याबरोबर शिकण्यास निरनिराळ्या जातींच्या मुली ठेविल्या, शिक्षक नेमिले, आणि आपल्या पोटच्या मुलीप्रमाणे तिच्या अभ्यासाकडे लक्ष पुरविले. प्रजेच्या मुलांस शाळा सक्तीची करणाऱ्या राजाने तीच सक्ती आपल्या घरास लागू केली. पुढे इंदुमतीदेवींनी कोल्हापुरात स्त्रीशिक्षणाचे पुष्कळ कार्य केले व 1971 साली त्या निवर्तल्या.

पुत्राच्या स्मरणार्थ 1920 साली प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस ही संस्था निघाली. गरीब मुलांस तेथे राहून शिकता यावे, हा तिचा उद्देश. आरंभी ज्या कॉलेजाचा उल्लेख केला ते ह्याच संस्थेचे. दुःख तर सर्वांसच येते. आमच्या मंडळ्यांतही गेल्या वर्षी कोणाचे लेकरू गेले असेल. त्या दुःखातून दुसऱ्याच्या लेकरासाठी काही उगवावे, हे मात्र क्वचित घडते.

अखेरची वर्षे

1919 साली कानपूर येथे कुर्मी समाजाने महाराजांस राजर्षी ही पदवी दिली. त्याच वर्षी त्यांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपविले. 1920 सालच्या मार्च महिन्यात कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्य मानलेल्या समाजाची परिषद भरली. तिचे अध्यक्ष तरुण भीमराव आंबेडकर हे होते. महाराज स्वतः तेथे गेले, आणि ह्या समाजास आपला खरा पुढारी लाभला, असा त्यांनी लोकांसमक्ष गौरव केला. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रास त्यांनी द्रव्यसाहाय्य केले होते, आणि त्यांच्या विलायतेतील शिक्षणासही मदत केली.

मिरजेच्या मिशन दवाखान्याचे डॉ. विल्यम वानलेस ह्यांच्याशीही महाराजांचा स्नेह होता. धर्माचे मत निराळे असले तरी रोग्याची व गरिबाची सेवा करणारा मनुष्य त्यांस आपला वाटे.

मेहनती शरीर अखेरीस थकले. 6 मे 1922 रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. राधानगरीचे जे धरण त्यांनी बांधावयास घेतले होते ते अपुरे राहिले व त्यांच्या मागून पुरे झाले.

विद्येच्या कामाचेही तसेच झाले. कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहून शिकले. त्यांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढिली, आणि 1924 साली साताऱ्यास जे वसतिगृह स्थापिले त्यास शाहू महाराजांचेच नाव दिले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र रांधीत व एकत्र जेवीत. महाराजांनी वेगळाल्या पंक्तींपासून आरंभ केला होता. त्यांच्याच कृपेने शिकलेल्या मनुष्याने ती पंगत एक केली. 1949 साली कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. 1962 साली त्या शहरी शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. आणि महाराजांनी 1917 साली आपल्या लहानशा राज्यात जे केले, ते सबंध देशासाठी करणारा कायदा 2009 साली मंजूर होऊन 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. त्यान्वये सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मोहरीचा दाणा किती लहान व झाड किती मोठे, हा दृष्टांत आमच्या उपदेशक बंधूंस निराळा सांगावयास नको.

आपणांसाठी बोध

आता शाळेचे दार उघडावयास राजाची वाट पाहावी लागत नाही. बहुतेक गावी शाळा आहे, फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारचा आहारही मिळतो. महाराजांच्या कायद्याचा पहिला हात आज बळकट आहे. प्रश्न दुसऱ्या हाताचा आहे. आणि तो हात आता कोणा राजाचा नसून आमचा आहे.

ऊसतोडणीचा हंगाम लागला म्हणजे कित्येक गावी आमच्या मंडळीची बाके निम्मी रिकामी होतात. टोळीबरोबर आईबाप जातात व मुलेही जातात. मोठी मुलगी फडात लहान भावंडास सांभाळते, मुलगा वाढे गोळा करितो. चार-पाच महिन्यांनी ती परत येतात, तेव्हा वर्गातील मुले पुढे गेलेली असतात, आणि मग लाजेने ती शाळेकडे फिरकत नाहीत. पोटासाठी जाणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. उचल घेतलेल्या मनुष्यास जाणे टळत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु मूल मागे ठेवावयाचे म्हटले तर ते कोठे ठेवावे, हा प्रश्न एकट्या आईबापांचा नाही, सर्व मंडळीचा आहे. ज्या राजाचे आपल्या रयतेच्या मुलांशी रक्ताचे नाते नव्हते, त्याने त्यांच्यासाठी घरे बांधिली. आम्ही तर एकमेकांस भाऊ व बहीण म्हणवितो. मग हंगामापुरते एक मूल आपल्या भाकरीस बसवून घेणे आम्हांस जड का जावे?

म्हणून आमची उपदेशक बंधूंस व मंडळीच्या पंचांस नम्र सूचना आहे. येत्या हंगामापूर्वी आपल्या मंडळीतील सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलामुलींची यादी करावी. कोण शाळेत जाते, कोण जात नाही व का जात नाही, हे घरोघर जाऊन विचारावे. जे कुटुंब टोळीबरोबर जाणार असेल त्याचे मूल आजीपाशी, चुलत्यापाशी, शेजाऱ्यापाशी अथवा वसतिगृहात कसे राहील, ह्याचा निर्णय मंडळीच्या सभेत करावा. जे मूल मागे पडले असेल त्यास संध्याकाळी दिव्यापाशी घेऊन बसावे. आणि मुलगी आहे म्हणून तिचे नाव यादीतून गळू नये. सोनतळीच्या बंगल्यात पुस्तक घेऊन बसलेली ती पोरकी सून आठवावी.

आमच्यापैकी पुष्कळांच्या आजोबांनी पवित्र शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकिले, कारण त्यांस वाचता येत नव्हते. त्यांनी ऐकून विश्वास धरिला, हा देवाचा मोठा अनुग्रह. परंतु त्यांच्या पणतवंडांसही दुसऱ्याच्या तोंडाकडेच पाहावे लागले, तर तो दोष कोणाचा? पुढच्या वेळी कोल्हापुरास जाणे झाले, तर वाचकांनी शिवाजी पेठेतील त्या फाटकाशी थोडा वेळ उभे राहावे, आत जाणाऱ्या मुलांकडे पाहावे, आणि आपल्या गावचे कोणते मूल ह्या घोळक्यात असावयास हवे होते, हे त्याचे नाव घेऊन मनाशी विचारावे. ते नाव मग प्रार्थनेत देवापुढे ठेवावे, आणि गावी परत येताच त्या मुलाच्या घरी जावे.